पडलेला चेंडू कुणाच्या नावावर?

आण्णा,

येत्या रविवारी मॅच आहे आणि तुमचा होकार अजून मिळालेला नाही. आपलं ठरलं होतं की दोघांचं एकमत झाल्याशिवाय क्वार्टरबॅकचं नाव पोरींना सांगायचं नाही. माळ तुमचा, खेळ माझा, म्हणून मतं बरोबरीची, हा कायदा तुम्हीच ओट्यावर बसून केलात आणि वर मला चहा पाजून तो पक्का केलात. आता तुम्हीच राहिला नाहीत, तेव्हा मला अडवणारं कुणी नाही. मी कुणाचंही नाव सांगू शकत होते. ज्यासाठी तुमच्याशी इतकी भांडले ते असं फुकटात हातात पडल्यावर मला त्याचा एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या घरी माणसांची रीघ अजून चालू आहे. कुणी तुमच्या शब्दाला असलेल्या वजनाबद्दल बोलतं, कुणी तुम्ही मिटवलेल्या बांधांच्या तंट्यांबद्दल. ते सगळं खरं असेल. मी तुमची भाडेकरू, ओळीतल्या शेवटच्या खोलीतली, परभणीहून नोकरीसाठी आलेली बाई. मला तुम्ही आठवता ते टोपी मागे सारून, माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट आपटत, कुठला गडी मोकळा होता ते मला पटवून देताना. पडद्यावर तुमच्या बोटाचे डाग असायचे. मी चिडायचे आणि पुसायचे, आणि पुढच्या सोमवारी तुम्ही परत यायचात.

पहिल्या सोमवारी तुम्ही टाकी भरली का ते विचारायला आला होतात. आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडते तेव्हा अमेरिकेत रविवारची रात्र असते आणि तिथला फुटबॉलचा सामना रंगात आलेला असतो. ऑफिसनं मला वर्षभर तिकडे पाठवलं होतं, तिथल्या ऑफिसातल्या बायकांच्या टीममध्ये मी तो खेळ शिकले आणि येताना त्याचं वेड बरोबर घेऊन आले. तुम्ही दारातच थांबलात आणि विचारलंत की डोक्यावर मडकी घातलेली ही माणसं एकमेकांच्या अंगावर का पडतायत. मी सांगितलं, तो मागे उभा आहे ना, तो क्वार्टरबॅक. तो लांबुळका चेंडू तो पुढे पळणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकतो. गड्यानं धरला तर संघ तेवढा पुढे सरकतो, पडला तर ती खेप वाया जाते, आणि खेपा मोजक्याच मिळतात. समोरच्या संघाचे लोक चेंडू मधेच पळवायला टपलेले असतात.

तेवढ्यात त्या क्वार्टरबॅकनं एक चेंडू असा सणसणीत फेकला की तो थेट एकाच्या छातीत जाऊन बसला. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. काय नेम आहे म्हणालात. मी कपाळाला हात लावला, कारण तो छातीवाला समोरच्या संघाचा होता. त्या खेळात क्वार्टरबॅकच्या हातून याहून वाईट काही होत नाही. ते समजावून सांगितल्यावर दुसरा कुणीही ओशाळला असता. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मानूस चुकला असंल. नेम न्हाई चुकला."

मी आठवडाभर ऑफिसात हा किस्सा सांगून लोकांना हसवलं. मग हळूहळू माझंच हसू थांबलं. कारण तिकडचे मोठमोठे जाणकार अजून ह्यावरच भांडत असतात. जिथं टाकायचा ठरवला तिथंच चेंडू गेला, तर त्याला अचूक म्हणायचं का? की कुठं टाकायचा हे ठरवण्यातही अचूकपणा धरायचा? तुम्ही खेळ पहिल्यांदा बघितलात आणि टाकीचं पाणी विचारता विचारता त्या वादाच्या मधोमध येऊन बसलात. मला तेव्हा जे वाटलं त्याला आश्चर्य म्हणतात हे कळायला मला बरेच सोमवार लागले.

त्यानंतर आपले सोमवार सुरू झाले. खुर्ची मी देऊ करायचे, तुम्ही उंबऱ्यावरच बसायचात. आक्का, तुमच्या सौभाग्यवती, मागे ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि चकार शब्द बोलायच्या नाहीत. तुमचं म्हणणं सरळ होतं. चेंडू हातात गेला पाहिजे. गेला तर फेक चांगली, पडला तर वाईट. मी म्हणायचे, आण्णा, धरणाऱ्याच्या बोटांतून निसटला तर त्यात फेकणाऱ्याचा काय दोष? आणि एक जण जवळच्या जवळ टाकतो, दुसरा तिघांच्या कोंडाळ्यातून लांबवर टाकतो, दोघांना एकाच मापानं कसं मोजायचं? मी आकडे काढून दाखवायचे. तुम्ही आकड्यांकडे असं बघायचात जसं मी लाईटबिल पुढे केलंय.

"मग पडलेला चेंडू घालायचा कुनाच्या नावावर?" तुम्ही एकदा विचारलंत आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. टाकणाऱ्याच्याच. धरणारा पळतोय, दमलाय, पाठीवर दुश्मन आहे. टाकणारा निवांत उभा आहे. मी म्हटलं, निवांत? रेड्यासारखी दोन माणसं त्याच्या अंगावर धावून येतायत. तर म्हणालात की रेडा अंगावर आला तर निवांतच उभं राहायचं असतं, पळणाऱ्याला तो जास्त मारतो.

पण तुम्ही काही कमी लबाड नव्हता. एखाद्या क्वार्टरबॅकचे निम्मे चेंडू मातीत पडायचे आणि तरी त्याचा संघ जिंकायचा. मग तुमचा सूर एकदम बदलायचा. जितला ना, मग झालं तर, असं म्हणायचात. मी तुमचंच बोलणं तुमच्या पुढ्यात ठेवायचे, की अहो, आत्ताच तर म्हणालात पडला तो वाया. त्यावर तुम्हाला हमखास म्हशीला पाणी दाखवायचं आठवायचं. तुमची म्हैस सोमवारी सकाळी फार तहानलेली असायची.

माळावर पोरींची टीम उभी राहिली ती ह्या भांडणातूनच. फ्लॅग फुटबॉल म्हणजे त्याच खेळाचं बिनमारामारीचं रूप. कमरेला पट्ट्या लावायच्या, अंगावर पडायचं नाही, पट्टी ओढली की पळणारी थांबते. मी पोरी गोळा करत होते, काही गावातल्या, काही भाड्याच्या खोल्यांतल्या, दोघीतिघी कासार आंबोलीहून सायकलवर येणाऱ्या. जागा मात्र नव्हती. रस्त्याकडेची तुमची जमीन तुम्ही बंगल्यांना दिलीत, पण मागचा माळ ठेवला होतात. त्यावर बिल्डरांचा डोळा होता आणि तुमच्या मुलाचा, संतोषचाही. तुम्ही एका सकाळी मला सांगितलंत की पोरींना तिथं आणा, आणि संतोषला सांगितलंत की तिथं आता टीम आहे. त्याच दिवशी तुम्ही मला 'तुमी'वरून 'तू'वर आणलंत. म्याडम म्हणणं मात्र शेवटपर्यंत सोडलं नाहीत. "म्याडम, तू गप," हे वाक्य जगात फक्त तुम्हीच बोलू शकत होतात.

टीम झाली आणि आपलं भांडण पडद्यावरून माळावर उतरलं. सायली आणि कोमल. मॅचला चेंडू कोण फेकणार ते ह्या दोघींतून ठरवायचं होतं.

सायली माझ्या शेजारच्या खोलीतली, वडील पिरंगुटच्या कारखान्यात, मूळचे सांगलीकडचे. शांत पोरगी. तिचा चेंडू अलगद येतो, छातीशी येतो, धरणारीला हात लांबवावा लागत नाही. तिचा चेंडू क्वचितच पडतो. कोमल तुमच्या भावकीतली, दांडगी, हसरी, अंगात रग असलेली. ती फेकते तेव्हा निम्म्या पोरी ओरडतात की एवढ्या लांब कोण पळणार. तिचे चेंडू पडतात. पण जो पडत नाही तो एका फटक्यात अर्धा माळ पार करून देतो.

तुम्ही सायलीच्या बाजूला आणि मी कोमलच्या. गावात लोकांना वाटायचं की आण्णा आपल्या घरच्या पोरीला पुढे करतील. तुम्ही भाडेकरूच्या पोरीसाठी भांडत होतात. मी सांगायचे, सायलीचा चेंडू पडत नाही कारण ती लांब टाकतच नाही. चांगल्या संघाच्या पोरी दोन खेपांत तिला ओळखतील आणि जवळच येऊन उभ्या राहतील. कोमलची फेक चुकीची नाही, ती धरायला आपल्या पोरी अजून शिकायच्या आहेत. तुम्ही मान हलवायचात. ज्यांना धरायचंय त्या पोरी अशाच आहेत, म्हणायचात. आहेत त्या हातांत जो चेंडू बसतो तो बरोबर, बाकीचं सगळं तुझ्या ल्यापटापात.

आणि मग मी तुम्हाला भातलावणीत पाहिलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी परभणीची, आमच्याकडे भात ताटात दिसतो. लावणी बघायची म्हणून मी सुट्टी काढून तुमच्या खाचराच्या बांधावर येऊन उभी राहिले होते. गुडघ्याएवढ्या चिखलात बायका ओळीनं वाकलेल्या, रोपं खोचत खोचत मागे मागे सरकणाऱ्या. तुम्ही बांधावर. पायाशी रोपांच्या मुठींचा ढीग. तुम्ही एकेक मूठ उचलून फेकत होतात आणि ती बाईच्या पाठीमागं, पाण्यात, मुळं खाली आणि शेंडे वर अशी जाऊन बसत होती. बाई मागे सरकायची आणि हातातली मूठ संपायच्या क्षणी दुसरी मूठ तिच्या हाताशी असायची. कुणी मान वर करत नव्हतं, कुणी मागत नव्हतं. तुम्ही त्याच वेळी बांधावरच्या माणसाशी डिझेलच्या भावावर बोलत होतात.

मी तिथं किती वेळ उभी होते ठाऊक नाही. पायात चिखल शिरला तेही कळलं नाही. मी अमेरिकेत भरलेल्या मैदानांत सामने बघितलेत, हजारो लोक एका फेकीवर उठून उभे राहिलेले बघितलेत. तेव्हाही माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता. जी बाई अजून तिथं पोचलेलीच नाही तिच्यासाठी तुम्ही आधीच मूठ टाकून ठेवत होतात.

थोड्या वेळानं मला आणखी एक दिसलं. पारूकाकींची कंबर धरलेली, त्या सावकाश सरकायच्या. त्यांची मूठ अगदी जवळ पडत होती. पलीकडची सुनंदा झपाझप लावत होती, तिची मूठ लांब मागे. प्रत्येकीला वेगळी. मी संध्याकाळी तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही मानायलाच तयार नव्हता. मी आपला टाकतो, म्हणालात, असं कोण मोजत बसतंय. मी म्हटलं, आण्णा, तुम्ही सायलीच्या बाजूनं बोलता आणि स्वतः कोमलसारखं टाकता, पुढच्या जागेवर. त्यावर तुम्ही मला पकडलंत. तुमच्या खाचरात आजवर एकही मूठ वाया गेली नाही, तेव्हा तुम्ही सायलीच, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, अहो, खाचरात तुमच्या विरुद्ध कोण खेळतंय? तिथं मूठ पळवायला कुणी टपलेलं नाही. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, बेडकं आहेत की. आक्का तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

ह्या वर्षीच्या लावणीला तुम्ही बांधावर उभे राहिला नाहीत. मुठी फेकायचं काम पुरुषाचं, बायका लावणार, अशी तुमच्याकडची पद्धत. तुम्ही कोमलला बोलावलंत आणि बांधावर उभं केलंत. लोक बघायला लागले. तुम्ही मला ऐकू जाईल असं म्हणालात, "बघूच आज तुझ्या कोमलचा नेम. बायांच्या शिव्या बसल्या म्हंजी कळंल."

शिव्या बसल्याच. तिच्या मुठी दूर जाऊन आडव्या पडत होत्या, पाणी बायकांच्या तोंडावर उडत होतं. पारूकाकी तर कंबरेवर हात ठेवून बांधावरच येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पोरी, मला काय दौडत न्यायचंय का? कोमल रडवेली झाली. मला वाटलं आता जाईल घरी. ती गेली नाही. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर ती पाण्याकडे बघायची थांबली आणि बायकांकडे बघायला लागली. कोण किती सरकते, कुणाचा हात आधी रिकामा होतो. संध्याकाळपर्यंत शिव्या बंद झाल्या होत्या. शेवटच्या खाचरात तर तिची मूठ आणि बाईचा हात एकाच वेळी पोचत होते.

तुम्ही प्लास्टिकची खोळ पांघरून दिवसभर बांधावर बसला होतात. मी जिंकल्याच्या ऐटीत तुमच्याकडे आले. बघितलंत ना, म्हटलं. तुम्ही तिच्याकडेच बघत होतात. डोळे असे होते जसे मी तुमच्याकडे बघताना माझे झाले असतील. आणि तोंडानं काय म्हणालात? सायलीच. तिच्या हातून सकाळची एक मूठसुद्धा पडली नसती. मी वैतागून निघून आले. आपलं हे शेवटचं मोठं भांडण.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी आक्कांनी मला शेजारी बसवून सांगितलं. उन्हाळ्यापासून तुमचा उजवा हात वर जात नव्हता. छातीतून कळ यायची. डॉक्टरांनी कष्टाचं काम बंद करायला सांगितलं होतं आणि तुम्ही आक्कांना शपथ घातली होतीत. "तुला तर मुळीच सांगू नकू म्हनले," आक्का म्हणाल्या. "म्हनले, त्या म्याडमला कळलं तर ती भांडायची सोडंल. ग्वाड बोलाया लागंल."

मी तिथंच, माणसांनी भरलेल्या घरात, ढसाढसा रडले. आधी दुःखानं आणि मग संतापानं. तुम्ही कोमलला बांधावर कशासाठी उभं केलंत, आण्णा? मला हरवायला, तिला शिकवायला, की हात उचलत नव्हता म्हणून? मला वाटतं तिन्ही असेल. पण हे तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत आणि मी विचारलं असतं तर म्हशीला तहान लागली असती. एवढं मात्र कबूल करते, माझ्या गोड बोलण्याबद्दल तुमचा अंदाज बरोबर होता. मी सोडलंच असतं भांडणं.

दहाव्याला नदीकाठी सगळा गाव होता. महाराजांचं प्रवचन झालं, पिंड मांडले, शेजारी पत्रावळीवर तुमच्या आवडीची कांदाभजी ठेवली. सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत राहिले. कावळे समोरच्या करंजावर बसले होते, भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. कुणीतरी म्हणालं, आण्णांचा जीव कशाततरी अडकलाय. मग एकेक जण पुढे होऊन शब्द द्यायला लागला. मुलीनं आक्कांना सांभाळायचा शब्द दिला. संतोषनं हात जोडून माळ विकणार नाही म्हणून सांगितलं. त्याला हे जड गेलं असणार आणि त्याबद्दल मला तो एकदम आवडला. कावळे मात्र तिथंच. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. खरा शिवला नाही तर तो लावून विधी उरकतात.

तेव्हा आक्कांनी गर्दीत मला शोधलं आणि हातानं पुढे बोलावलं. मी कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून पोट भरणारी बाई. कावळ्याला माणसाच्या मनातलं कळतं यावर माझा विश्वास नाही. पण आक्कांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणता येईना. मी चप्पल काढून पुढे गेले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. मेलेल्या माणसाचं जे राहिलं असेल ते कबूल करायचं, अशीच रीत. सायलीच टाकेल, एवढे दोन शब्द. टीमच्या पोरी घोळक्यानं उभ्या होत्या, त्यात सायली होती, कोमलही होती. गावासमोर, पिंडासमोर एकदा बोलले की मग मला फिरता येणार नव्हतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी हात जोडले.

आणि मला ते म्हणता आलं नाही.

"आण्णा, सायली नाही," मी म्हटलं. "कोमल टाकणार. तुमचं चुकतंय आणि हे मी सगळ्यांच्या देखत सांगते."

मागे कुजबूज झाली. संतोष माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी तिथं दगड मारलाय. कुणीतरी माझा दंड धरला. आक्का मात्र जागेवरून म्हणाल्या, "सोडा तिला. बोल ग, थांबू नकू."

मग मी बोलतच सुटले. रडत होते आणि भांडत होते. म्हटलं, पडला तो वाया असं तुम्ही म्हणता, पण तुम्हाला तरी पहिल्या दिवशी मुठी टाकता येत होत्या का? तुमच्याही वडलांच्या खाचरात आडव्या पडल्याच असतील. सायली चुकत नाही कारण ती चुकण्याएवढं लांब जातच नाही. कोमल दुपारी बायकांकडे बघायला शिकली ते तुम्ही बघितलंत, माझ्याआधी तुम्ही बघितलंत, आणि तरी कबूल केलं नाहीत. आणि हाताचं मला का सांगितलं नाहीत? मी आणखीही काय काय बोलले, सगळं आठवत नाही. पडलेला चेंडू टाकणाऱ्याच्या नावावर घालायचा असेल तर खुशाल घाला म्हटलं, ती पोरगी तो घेईल, तिचे खांदे तेवढे आहेत.

माझ्या डाव्या अंगाला फडफड झाली. कावळा पत्रावळीवर उतरला होता. त्यानं भजं उचललं, पिंडाला चोच लावली आणि सावकाश, घाई नसल्यासारखा, उडून गेला.

म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. मी नंतर स्वतःला समजावलं की लोक मागे सरकले होते, सगळे माझ्याकडे बघत होते, कावळ्याला वाट मोकळी मिळाली, म्हणून तो आला. असेल तसं. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते वाटलं, आणि ते मी आयुष्यभर कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

लोक म्हणतायत आण्णांनी होकार दिला. मी तसं धरत नाही. तुम्ही सहजासहजी होकार देणाऱ्यांतले नव्हता. तो होकार असेल किंवा पुढे बोल असं म्हणणं असेल. पण नाव मी सांगून बसले आहे, तेव्हा रविवारी पुण्यात चेंडू कोमलच टाकणार.

मला भीती होती ती सायलीची. अख्ख्या गावासमोर मी तिचं नाव नाकारलं होतं, तेही तिच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाच्या पिंडापुढे. नदीवरून परतताना ती माझ्याशेजारी चालायला लागली. मग म्हणाली, "मॅडम, मी पळते. कोमलचा चेंडू मी धरते." ती म्हणाली की चेंडू कधी सुटणार ते स्वतः फेकणाऱ्या पोरीला कळतं, इतर पोरींना नाही, म्हणून त्यांना पोचायला उशीर होतो.

काल संध्याकाळी माळावर करून बघितलं. पहिले चेंडू पडले. कोमल वैतागली, सायलीनं तिला हातानं खूण केली की अजून लांब टाक. कोमलनं टाकला. मला वाटलं हा कुंपणापलीकडे जातोय. सायली चेंडूकडे न बघता पळत होती, आणि अगदी शेवटी तिनं नुसते हात पुढे केले आणि चेंडू त्यात येऊन बसला. आपण दोघं इतके दिवस ही की ती म्हणून घसा कोरडा करत होतो आणि आपल्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं, आण्णा.

मी माळावरून तडक तुमच्या ओट्याकडे निघाले. अर्धं वाक्य बोलूनही झालं होतं तेव्हा ध्यानात आलं. आक्का एकट्याच बसल्या होत्या, पुढ्यात तांदळाचं सूप. मी वळायला लागले तर म्हणाल्या, सांग की, काय झालं ते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खडा बाजूला टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तरी बी सायलीच टाकाया पायजे व्हती."

मी चप्पल काढली आणि त्यांचं कुठं चुकतंय ते सांगायला उंबऱ्यावर बसले.